अडलेली ओळ

याकोबमामा गायला लागले की माझे बाबा पेटीवर डोळे मिटून घेत. लोकांना वाटे, मास्तर भक्तीत रंगले. खरी गोष्ट अशी की मामा हमखास अर्धी मात्रा पुढे पळत आणि त्यांना गाठता गाठता बाबांच्या बोटांची त्रेधा उडे. बाबांनी एकदा त्यांना हळूच सांगून पाहिलं. मामा म्हणाले, "मास्तर, तुमी या आरामात. मी पुढं जाऊन दार उघडतो." त्यानंतर बाबांनी तो विषय काढला नाही.

आमचं गाव खामगावच्या अलीकडे, वारा तिकडून असला तर जलंबच्या गाडीची शिट्टी ऐकू येईल एवढ्या अंतरावर. गावाच्या कडेला मिशनचं आवार होतं. त्यात शाळा, लहानसा दवाखाना, साहेबाचा बंगला आणि चर्च. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. ख्रिस्ती घरं पंचवीस-तीस असतील. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर, मंडळीचे पंच आणि देवळातले पेटीवाले. याकोबमामा त्याच आवारात माळी. मामा हे नुसतं म्हणायचं, नातं काही नव्हतं. उंच, काळे, हाडकुळे. महाराष्ट्र झाला त्या सुमारास साहेब आणि मडमबाई आपल्या देशी परत गेले, तेव्हा जाताना साहेबांनी त्यांना आपली खाकी रंगाची ताठ टोपी दिली होती. ती घालून, कमरेला धोतर आणि खाली अनवाणी पाय अशा थाटात मामा झाडांना पाणी देत. देवळात मात्र टोपी काखेत, आणि तंबाखूची चंची बाहेर खिडकीच्या कठड्यावर.

"आत काऊन नाई नेत, मामा?" मी विचारलं होतं.

"तिचा बाप्तिस्मा नाई झाला," ते म्हणाले, आणि स्वतःच खो खो हसले. या हसण्यात आणखी काय होतं ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

देवळात ते पुरुषांच्या बाजूला अगदी शेवटी, दाराशी बसत. मी बायकांच्या बाजूला दाराशी, कारण उपासना लांबली की मला निसटायचं असे. त्यामुळे मामा माझ्या समोर. नऊ-दहा वर्षांची असेन, तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळी मंडळी प्रभूची प्रार्थना म्हणे, पाठ केलेली, एका दमात. त्यात एक ओळ येते: आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही जशी क्षमा केली, तशी तू आम्हाला कर, अशा अर्थाची. ती ओळ आली की मामांचा तो गडगडाटी आवाज बंद व्हायचा. ओळ संपली की पुन्हा सुरू. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "खोकला आला असेल त्यायले."

"दर रविवारी? त्याच ओळीले?"

"तू पुढं पाय," आई म्हणाली. 'पुढं पाय' म्हणजे पुढे बघ. आमच्या घरी धर्मशिक्षण बरंचसं या दोन शब्दांत आटपे.

मामांचं देवाशी बोलणं शेजाऱ्याशी बोलावं तसं होतं. झारी हातात, टोपी डोक्यावर, आणि तोंडाने चाललेलं, "आज मले तुह्यासंगं बोलाचं नाई. काल पेरूवर माकडं सोडले तूनं. मंग कायले बहर देल्ता?" जाणारे-येणारे हसत. एकदा पाळकसाहेबांनी विचारलं, "याकोब, देवाशी असं बोलतात का?" मामा गोंधळले. म्हणाले, "तो ऐकून राह्यला म्हनून बोलतो, साहेब. नसता ऐकत त चांगलं बोललो असतो."

मडमबाईंनी जाण्याआधी बागेत नाना जातींची रोपं लावली होती, आणि प्रत्येकापुढे पत्र्याची एकेक पाटी ठोकली होती, झाडाचं नाव रंगवलेली. आमच्या उन्हाळ्याने त्यांतली निम्मी झाडं खाल्ली. पाट्या तेवढ्या उभ्या. कुणी म्हटलं की उपटून टाका, तर मामा ऐकत नसत. "राहू द्या. रविवारी कामी येते." नाताळाला खामगावहून आमचे काही मोठे लोक सूट घालून येत, पुढच्या बाकावर बसत आणि वर्षभर पुन्हा दिसत नसत. ते आत शिरताना मामा दारातून माझ्याकडे पाहून पुटपुटत, "पाटी की झाड?" मला हसू आवरत नसे. पण एकदा मी फार हसले तेव्हा ते एकदम गंभीर झाले. "मी बी पाटीच हाय वं," म्हणाले. "मले लहानपणी कोनं इथं आनून सोडलं, ठाव नाई. नाव मिशननं ठेवलं, भाकर बोर्डिंगची. वहीत लिवलं, ख्रिस्ती. मले कोनी इचारलंच नाई."

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. आमच्यात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. माणूस जाणता व्हावा, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगावं की माझा विश्वास आहे, आणि मग पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यावा. रीत किती चांगली! पण रीत चांगली असली तरी माणसं तिला सोयीची करून घेतात. सोळा-सतरा वर्षं झाली, लग्न जवळ आलं, की हौदात उतरायचं. बाप्तिस्मा नाही तर पाळक लग्न लावत नसत, म्हणून सगळे जाणते होत.

हौद देवळामागे कडुलिंबाखाली होता, आणि तो भरायचं काम याकोबमामांचं. शनिवारी दुपारपासून ते विहिरीतून पाणी शेंदत, फडक्यातून गाळून हौदात ओतत. रविवारी पहाटे पुन्हा येऊन वर पडलेला पाला एकेक पान करून वेचत. "निंबाचं पान नाकात गेलं त आमेनच्या आंधी शिंक येईन," हे त्यांचं कारण.

माझं लग्न अकोल्याला ठरलं आणि मीही जाणती झाले. त्या शनिवारी मी हौद पाहायला गेले, पाणी किती खोल असतं या भीतीने. मामा काठावर बसून दम खात होते.

"काऊन घेऊन राह्यली वं सुमन, बाप्तिस्मा?"

"सगळेच घेतात नं मामा. अन् लग्न ठरलं माहं."

"मंग सोपं हाय," ते म्हणाले. "पानी लय थंड हाय. चटकन निंघजो."

मला राग आला. "अन् तुमी काऊन नाई घेतला अजून?" हे मी नुकतंच आईच्या बोलण्यात ऐकलं होतं. सगळ्या मंडळीला पाणी पुरवणारा माणूस स्वतः कधी त्या पाण्यात उतरला नव्हता. त्यांचं लग्न साहेबांनी, बाप्तिस्मा पुढे घेईल म्हणून, तसंच लावून दिलं होतं, आणि ते 'पुढे' कधी आलंच नाही.

मामांनी पाणी गाळायचं फडकं पिळलं. मग म्हणाले, "तठी उतरल्यावर मले इचारतीन. अन् मले खरं सांगा लागन."

दुसऱ्या दिवशी मलाही विचारलं. मी सगळ्या प्रश्नांना "हो, हो" म्हटलं, बुडाले, वर आले. प्रश्न काय होते ते मला घरी येईपर्यंतही आठवत नव्हते. नवीन लुगड्याचा रंग गेला, हे तेवढं आठवतं.

खरी गोष्ट बाहेर आली ती माझ्या लग्नानंतर वर्षाने. मी बाळंतपणाला माहेरी आले होते. मंडळीत नवे पाळक आले होते, तरुण, कागदपत्रं चोख ठेवणारे. साहेब गेल्यावर आवाराचा कारभार पंचांकडे आला होता, आणि आवारातल्या खोल्यांत बाप्तिस्मा झालेल्यांनीच राहावं असा नियम होता. पाळकांनी वही चाळली, तर याकोबच्या नावापुढची जागा कोरी. शाळेच्या खोलीत पंचांची बैठक बसली. मुख्य पंच होते बेंजामिन कंपाउंडर, मिशनच्या दवाखान्यातले. बाबाही होते. त्या संध्याकाळी त्यांनी घरी येऊन सगळं सांगितलं, तेव्हा त्यांचा हात पाण्याच्या तांब्यावर तसाच राहिला होता.

पाळक मायेनेच म्हणाले होते, "याकोब, रविवारी बाप्तिस्मा घ्या, सोमवारी सगळं मिटलं. खोली तुमचीच."

मामा उठून उभे राहिले. "घेतला असता, साहेब. पन तुमी तठी इचारसान, सगळ्यायले माफ केलं काय? एक मानूस हाय. त्याले म्या माफ नाई केलं. बारा साल झाले, करून पाह्यतो. होत नाई."

"तुम्ही 'हो' म्हणा. प्रभू पुढची मदत करील."

"खोटं बोलून त्याच्याच घरात घुसू काय?"

माणसाचं नाव मामांनी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. बेंजामिन कंपाउंडर मान खाली घालून समोरच्या कागदावर रेघा ओढत बसले होते.

बारा वर्षांपूर्वी नाताळाच्या आधीच्या आठवड्यात मामांच्या चार वर्षांच्या मुलीला, रूथला, विंचू चावला. चुलीसाठी रचलेल्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांमध्ये तिने हात घातला होता. मामा तिला उचलून दवाखान्याकडे पळाले. दवाखान्याला कुलूप. किल्ली कंपाउंडरकडे, आणि कंपाउंडर देवळात नाताळाच्या नाटकाच्या तालमीत. त्यांचं काम होतं मेंढपाळाचं. मामा दारात उभे राहून म्हणाले, पोरीले विंचू चावला. कंपाउंडर म्हणाले, "आलोच. एवढा प्रवेश होऊ दे." आमच्याकडे विंचू कुणाला चावत नाही? दुखतं, रडतं, उतरतं. त्यांना तसंच वाटलं. प्रवेश झाला, ते आले, तोवर मुलीच्या तोंडाला फेस आला होता. वेळेवर इंजेक्शन मिळून ती वाचली असती की नाही, हे कुणीच सांगू शकलं नसतं. पण दिवेलागणीला ती गेली.

कंपाउंडर काही वाईट माणूस नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. त्या दिवसापासून त्यांनी नाटकात पाऊल टाकलं नाही. दवाखान्याची किल्ली दोरीत ओवून गळ्यात घालत, जेवताना, झोपताना, देवळातही. कुणी अर्ध्या ताटावरून उठवलं तरी उठत. एवढं सगळं केलं, पण माळ्याच्या दारात जाऊन "माझं चुकलं" एवढे दोन शब्द मुख्य पंचांना जमले नाहीत. पहिल्या आठवड्यात राहून गेलं, आणि राहिलं ते राहिलंच.

मामांची खोली गेली. माळीकाम पाळकांनी ठेवलं, कारण त्या पगारात दुसरं कुणी मिळणार नव्हतं. बाजाराच्या मैदानाजवळ एक मातीची खोली घेऊन मामा-मामी राहायला गेले. गाठोडं बांधताना मामी त्यांना म्हणाल्या, "एक शब्द म्हनला असता त काय जात होतं?"

"तोच त शब्द हाय," मामा म्हणाले. आणि जायच्या आधी, रविवारी दोन पोरांचा बाप्तिस्मा होता म्हणून, त्यांनी हौद भरून ठेवला.

बाबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. "इतक्या जणांच्या बाप्तिस्म्याला मी पेटी वाजवली," ते आईला म्हणाले. "त्यातल्या एकानं तरी 'होत नाही' असं सांगितलं का? मी तरी कुठं सांगितलं?" आई या वेळी "पुढं पाय" म्हणाली नाही.

तीन उन्हाळे गेले. कंपाउंडरांना अर्धांगाचा झटका आला. एक बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं समजेना. त्यांचा मुलगा मुंबईला, घरात म्हातारी बायको, मार्थाबाई, एकटी. पहिल्या आठवड्यात मंडळी लोटली, प्रार्थना झाल्या, संत्री आली. मग प्रत्येकाला आपापली कामं आठवली. त्यातून तो उन्हाळा कडक, आवारातली विहीर तळाला गेलेली. मार्थाबाईंनी पुढचं सगळं माझ्या आईला सांगितलं, आणि आईने मला.

एका सकाळी त्यांच्या उंबऱ्याशी पाण्याची भरलेली बादली दिसली. कुणी ठेवली कळेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून पाहिलं, तर खाकी टोपी फाटकाबाहेर चालली होती. महिनाभर असं चाललं. मामा बादली ठेवत, आदल्या दिवशीची रिकामी उचलत आणि आत न बघता निघून जात. मग एके दिवशी कंपाउंडरांचं अंथरूण खराब झालं, आणि मार्थाबाईंना ते एकटीने हलेनात. त्या दारात येऊन रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "याकोबभाऊ, जरा हात लावता का?"

मामा फाटकाशी थांबले. ते इतका वेळ थांबले की मार्थाबाईंना वाटलं, आता जातील. मग टोपी काढून त्यांनी खुंटाला अडकवली आणि आत आले.

त्यांना बघून कंपाउंडरांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तोंडातून नुसते आवाज. चांगल्या हाताने त्यांनी गळ्यातली किल्ली ओढून ओढून मामांच्या पुढे धरली. मामा म्हणाले, "राहू द्या ते, कंपाउंडरसाहेब. आंधी आंग धुवू." आणि त्यांनी अंग धुतलं, धोतर बदललं, अंथरूण वाळत घातलं. दुसऱ्या दिवसापासून ते रोज आत येऊ लागले.

मी त्या उन्हाळ्यात आले, तेव्हा बाजाराच्या विहिरीवर मला मामा भेटले. मी इकडचं तिकडचं बोलून शेवटी विचारलंच, "मामा, ती ओळ आता म्हणता काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लहानपणापासून पाहत आले आहे, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. रागावले नाहीत. "अर्धी म्हनतो," ते म्हणाले.

"अर्धी कशी?"

"त्याचं आंग धुतो, तवा निंघते. घरी जातो, संदुकीत रुथीचं फराक दिसते, मंग अडते." बादलीला दोर बांधता बांधता त्यांनी विचारलं, "अन् तू? म्हनतं पुरी?"

माझी आणि माझ्या नणंदेची दोन वर्षं बोलचाल नव्हती. कारण सांगायला आज लाज वाटते. धाकट्या बाळाच्या नावाच्या दिवशी कुणी कुणाला आधी बोलावलं, एवढंच. आणि दर रविवारी अकोल्याच्या देवळात, ती पुढच्या बाकावर आणि मी मागच्या, दोघी ती ओळ खणखणीत म्हणत होतो. मामांना मी हे सगळं सांगून टाकलं. त्यांनी बादली विहिरीत सोडली. मला दोर ओढू लागायला सांगितलं.

मामांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या ईस्टरला. पाच मुलांचा बाप्तिस्मा होता. कंपाउंडरांना खाटेसकट आणून कडुलिंबाच्या सावलीत ठेवलं होतं. खाटेचा एक खूर मामांनी धरला होता. हौद नेहमीसारखा काठोकाठ, एक पान नाही. पाचही मुलं उतरली, भिजली, वर आली. पाळक पाण्यातून निघणार, इतक्यात मामांनी चंची काढून हौदाच्या कठड्यावर ठेवली, टोपी तिच्या शेजारी ठेवली आणि पायऱ्या उतरले.

पाळकांना वाटलं, काही पडलंय ते काढायला उतरले. मग मामा छातीभर पाण्यात त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले, तेव्हा पाळकांना कळलं. त्यांनी प्रश्न विचारले. क्षमेचा प्रश्न आला. मामांनी खाटेकडे पाहिलं. मामी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"हाव," मामा म्हणाले. "झालं साहेब आता."

ते वर आले तेव्हा बाबांनी पेटी वाजवायची होती. बाबांना सूर सापडेना. म्हणून पाळकांनी सरळ प्रभूची प्रार्थनाच सुरू केली. आम्ही सगळे म्हणू लागलो, सवयीने, एका दमात. ती ओळ जवळ आली, आणि काय झालं कुणास ठाऊक, आम्ही सगळे ऐकायला थांबलो. एवढ्या माणसांत एकालाही ती ओळ म्हणायचं सुचलं नाही. एकट्या मामांचा आवाज आला, फाटलेला, ओला. पहिल्यांदाच ते अर्धी मात्रा पुढे पळाले नाहीत. एकेक शब्द ठेवत गेले. खाटेवरून कंपाउंडरांच्या वाकड्या तोंडातूनही काहीतरी आलं.

लोक पांगले. मी बाळाला आईकडे देऊन मागे वळले, तर मामा त्याच ओल्या धोतराने हौदातलं पाणी बादलीने उपसत होते. उन्हाळा होता, पाणी वाया घालवणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

"मामा, आजच्या दिवस राहू द्या की."

"झाडं का आज उपाशी राह्यतीन?" ते म्हणाले. मग बादली अर्धवट वर धरून थांबले. "तुह्यी निंघाली काय वं, ओळ?"

"नाही मामा," मी म्हटलं. "आज पहिल्यांदाच अडली."

मामा हसले, ते जुनं खो खो हसणं नव्हे, हळूच. भरलेली बादली त्यांनी माझ्या हातात दिली. "मंग हे घे," म्हणाले, "त्या पेरूले टाकून ये." मी दोन्ही हातांनी बादली धरून पेरूकडे निघाले. मागे मामा पुन्हा पाण्यात वाकले होते.